मुक्तस्रोत गणिती सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प करायचाय, कोणता निवडू?

सुरंगी
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत गणित घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे, घर पावसजवळ. शेवटच्या सत्राला प्रकल्प आहे. आमच्याकडे बहुतेक जण आधीच्या वर्षीचाच विषय घेतात, पानं बांधून देतात आणि ती कपाटात जातात. मला असं काम करायचंय जे सत्र संपल्यावरही कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सरांनी सांगितलंय, विषय तू आण, मी पाठीशी आहे.

सिम्पाय, सेजमॅथ, मॅक्सिमा तिन्ही थोडी वापरून पाहिली. पायथन वर्षभर लिहितेय, सी येत नाही. सगळ्यात ओढ वाटते ती सिम्पायमधल्या रिश अल्गोरिदमच्या कामाची. एखाद्या फलनाचं इंटिग्रेशन नेहमीच्या फलनांत लिहिता येतं की येतच नाही, हे ठरवून सांगणारी पद्धत आहे ही कल्पनाच मला फार सुंदर वाटली. शिवाय गूगल समर ऑफ कोड, म्हणजे मुक्तस्रोत प्रकल्पात काम करायची गूगलची योजना, तिच्यासाठीही अर्ज करावा असं मनात आहे.

अडचणी अशा: लॅपटॉप आठ जीबीचा. पावसात नेट आठ-आठ दिवस नीट नसतं. आणि एप्रिल-मे आमची आंब्याची कलमं उतरवण्यात जातो, तेव्हा घरात कुणालाच सुट्टी नसते. काय निवडू?

खाडीकाठ
मी मूळचा दापोलीचा, आता पुण्यात नोकरी. माझा अनुभव सविस्तर लिहितो, कारण तू जिथे उभी आहेस तिथूनच मी चुकीच्या बाजूला वळलो होतो.

कॉलेजात असताना मीही समर ऑफ कोडच्या यादीतला सगळ्यात भारदस्त विषय उचलला. महिनाभर वाचून लांबलचक प्रस्ताव लिहिला. नामंजूर झाला. तेव्हा फार लागलं. वर्षभराने तोच प्रस्ताव काढून वाचला तर कारण स्वच्छ दिसलं: त्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये मी एक ओळही बदललेली नव्हती. कुठली फाइल कुठे आहे, टेस्ट कशा चालतात, यातलं काही माहीत नसताना बारा आठवड्यांचं वेळापत्रक मांडलं होतं. वाचणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळलं असणार.

सिम्पायची तर अर्जदारांसाठी अटच आहे की आधी एक तरी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला आपला बदल स्वीकारा अशी विनंती, केलेली हवी. ही अट मला फार योग्य वाटते. विहिरीत उतरण्याआधी पाणी किती आहे ते दोर सोडून बघण्यासारखंच आहे ते.

रिशबद्दल: सिम्पायमध्ये त्याचा एक भाग लिहिलेला आहे, घातांकी आणि लॉगरिदम असलेल्या फलनांचा. मूळं असलेल्या, म्हणजे बैजिक फलनांचा भाग बाकी आहे, आणि तो भाग भल्याभल्यांना जड गेलेला आहे. तुझ्या उत्साहावर पाणी टाकत नाही. पण एका सत्रात त्याला हात घातलास तर हाती अर्धवट कोड उरेल, आणि तो दुसऱ्या कुणी पुरा करावा अशा अवस्थेतही नसेल.

चिकूवाडी
डहाणूहून लिहितोय, म्हणून कापरेकरांचं नाव काढल्याशिवाय राहवत नाही. द. रा. कापरेकर जन्मले आमच्या डहाणूत, १९०५ साली, आणि आयुष्यभर देवळालीला शाळेत शिकवलं. ६१७४ त्यांचा. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचताच.

सुरंगी, यावर काहीतरी कर ना! पाच अंकी, सहा अंकी, वेगवेगळ्या पायांच्या संख्या. कोकणातल्याच माणसाचं गणित.

शून्यलब्धी
@चिकूवाडी, कापरेकरांवर माझाही जीव आहे, पण हा दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे. तो सरावाला उत्तम, प्रकल्प म्हणून अपुरा. पाया बदलल्यावर कुठली चक्रं तयार होतात आणि का, याची सिद्धता शोधायची म्हटली तर विषय होतो. पण मग तो गणिताचा प्रकल्प झाला, सॉफ्टवेअरचा नाही. सुरंगीने दोन्हीतलं काय हवं ते आधी ठरवावं.

चिकूवाडी
बरोबर आहे. पण पहिल्या दिवशी करायला तरी ठेव, सुरंगी. सातव्या पायरीपर्यंत जाणारी संख्या स्वतः शोधण्यात मजा आहे.

जुनी_फळी
मी चिपळूणला तीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त. आमच्या प्रयोगशाळेत जुने संगणक होते, त्यांवर मॅक्सिमा चालवायचो. नवी मुलं त्याच्याकडे बघतही नाहीत, म्हणून दोन शब्द.

मॅक्सिमा मुळात मॅक्सिमा नव्हतं. एमआयटीत १९६८ पासून मॅकसिमा नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं. त्याची एक प्रत टेक्सास विद्यापीठातले विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून सांभाळली, आणि १९९८ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली खुली करण्याची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते वारले. परवानगी त्याआधी मिळालेली होती म्हणून इतरांना ते काम पुढे नेता आलं. मी वर्गात डेरिव्हेटिव्ह तपासून दाखवायचो तेव्हा मुलांना हे आवर्जून सांगायचो. कोण कुठला एक प्राध्यापक एक गोष्ट नेटाने सांभाळतो, आणि चिपळूणच्या पोरांना ती फुकट वापरायला मिळते.

बाळ, मॅक्सिमा लिस्पमध्ये लिहिलेलं आहे. एका सत्रात लिस्प शिकून त्यात भर घालणं अवघड. वापर जरूर, प्रकल्पाला दुसरं घे.

खाडीकाठ
सर, नावं सारखी दिसतात म्हणून नवख्यांसाठी सांगतो. मूळ मॅकसिमा, खुली झालेली आवृत्ती मॅक्सिमा.

जुनी_फळी
हो, तसंच. धन्यवाद.

दांडी_बंदर
अगो चेडवा, आधी तुका काय येता ता बघ, मगे मोठो प्रकल्प घे. आणि पावसात लाईट गेली काय करतलस, ता पण आत्ताच ठरव.

सेजचं सांगतो. पोराच्या लॅपटॉपवर सेज मूळ कोडपासून बांधायला घेतलं होतं. संध्याकाळी सुरू केलं, मध्यरात्री वीज गेली, बॅटरी संपली, सकाळी पुन्हा पहिल्यापासून पंचाईत. सेजच्या पोटात पारी, गॅप, सिंग्युलर, मॅक्सिमा अशी कितीतरी वेगवेगळी सॉफ्टवेअर आहेत, म्हणून इतका वेळ लागतो.

शून्यलब्धी
@दांडी_बंदर, सेज ‘कोंडा’ या सॉफ्टवेअर उतरवायच्या साधनातून तयार बांधलेलं घेता येतं, आणि नुसतं वापरायचं तर सेजसेल ब्राउझरमध्ये चालतं. पण मुद्दा खरा आहे. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सेज सुरू केलं तेच मुळी असलेली चांगली सॉफ्टवेअर पायथनच्या धाग्याने एकत्र ओवायला. त्यामुळे एका ठिकाणची चूक शोधताना तुम्ही तिसऱ्याच सॉफ्टवेअरच्या दारात जाऊन पोचता. नव्या माणसाला ते भांबावून टाकतं.

सिम्पाय त्या मानाने आटोपशीर. सगळं पायथनमध्ये, आणि चालवायला मुख्यतः एमपीमॅथ एवढी एकच लायब्ररी लागते. एकदा उतरवून घेतलं की नेट नसताना आठवडाभर काम करता येतं. सुरंगीच्या पावसाळ्याला हेच जमेल.

गृहीतक
वेगळं सुचवते. शुद्ध गणिताची आवड असेल तर लीन बघ. त्यात सिद्धता लिहायची आणि संगणक एकेक पायरी तपासतो. मॅथलिब ही त्याची गणिताची सामाईक लायब्ररी २०१७ पासून वाढतेय, आणि जगभरचे गणिती त्यात भर घालतात. सुरुवातीला केव्हिन बझर्ड यांचा ‘नॅचरल नंबर गेम’ खेळ. ० + न = न हे सिद्ध करायलाही इंडक्शन लागतं हे मला तिथे पहिल्यांदा हाताला जाणवलं. वर्गात ते फळ्यावर पाहिलं होतं, पण तेव्हा पेन सरांच्या हातात होतं.

खाडीकाठ
लीन सुंदर आहे, पण तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासातलं बरंचसं मॅथलिबमध्ये आधीच आलेलं आहे. एका सत्रात तिथे नवी भर घालणं कठीण जाईल.

गृहीतक
भर नाही घातली तरी शिकणं होतंच की. सगळं काही कुणीतरी स्वीकारण्यासाठीच करायचं का?

खाडीकाठ
तिने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, सत्र संपल्यावर कुणाच्या तरी उपयोगी पडावं. मी ते वाक्य धरून बोलतोय.

आगरवाट
कोडच कशाला हवा? जिओजेब्रा या गणित शिकवायच्या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर, मराठीतली उदाहरणं, हेही योगदानच. आमच्या अलिबागकडच्या शाळांत मुलांना वर्तुळाची स्पर्शिका हलवून दाखवली की डोळे चमकतात. इंग्रजी मेनू बघून मात्र शिक्षकच मागे सरतात.

शून्यलब्धी
कामाबद्दल पूर्ण सहमत. फक्त एक लक्षात ठेवा: फुकट वापरता येणं आणि मुक्तस्रोत असणं या दोन गोष्टी आहेत. जिओजेब्राच्या अटींत व्यावसायिक वापरावर बंधन आहे. शाळेला त्याने फरक पडत नाही, पण मुक्तस्रोत म्हणून प्रकल्प दाखवणार असाल तर परवाना आधी वाचा. सिम्पायचा बीएसडी, सेजचा आणि मॅक्सिमाचा जीपीएल.

मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल आहे. तिथल्याच फॉसी प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून देतात. सुरुवातीला ती वाट चांगली, काम मोजकं असतं आणि तपासणारं कुणीतरी असतं.

सुरंगी
सगळ्यांचे मनापासून आभार. रिश सोडताना वाईट वाटतंय, पण खाडीकाठदादांचं पटलं. परवापासून सिम्पायचा कोड उतरवून वाचतेय. एका गोष्टीत अडकले. (क्ष+१)² आणि क्ष²+२क्ष+१ समान आहेत का असं दोन बरोबरच्या चिन्हांनी विचारलं तर ‘नाही’ म्हणतं. ही चूक आहे का? हीच दुरुस्त करू का?

शून्यलब्धी
ही चूक नाही, आणि हा प्रश्न तुला पडला याचा मला खरंच आनंद झाला. ते चिन्ह फक्त रचना सारखी आहे का ते बघतं, किंमत नाही. एक वर्गरूपात लिहिलेलं आहे, दुसरं विस्तारून, म्हणून रचना वेगळी. किंमत तपासायची तर वजाबाकी करून सोपं रूप दे आणि शून्य येतं का बघ.

असंच दुसरं: √(क्ष²) चं उत्तर क्ष येत नाही, तसंच राहतं. क्ष वास्तव आहे असं सांगितलंस तर |क्ष| येतं, धन आहे असं सांगितलंस तर क्ष. आपण वहीत हे गृहीत धरून पुढे जातो, ते धरत नाही. त्याचं बरोबर आहे.

जुनी_फळी
तीस वर्षं पेपर तपासले, √(क्ष²) = क्ष लिहिलेल्यांचा अर्धा गुण कापत आलो. आता संगणकही माझ्या बाजूने आहे म्हणायचा.

दांडी_बंदर
जरा वेगळं विचारतो. माझा बापूस मासेमारीला जायचा. त्याचा हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पुनवेला बाराच्या आसपास. असलं काही या गणिती सॉफ्टवेअरमध्ये असतं का?

खाडीकाठ
तयार नसेल, पण बसवता येईल, आणि काय छान प्रश्न विचारलात! मी आत्ता कागद घेऊन बसलो.

चंद्र एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सूर्याच्या मागे पडत पडत पूर्ण चोवीस तास मागे पडतो. तिथी तीस. म्हणजे एका तिथीला २४ भागिले ३०, ४८ मिनिटं. पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटं. दर तिथीला तीन मिनिटं कमी. चतुर्थीला फरक फक्त १२ मिनिटांचा, एकादशीला ३३ मिनिटांचा. पौर्णिमेला पाऊणपटीने सव्वाअकरा येतात आणि लगेच प्रतिपदेला पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. पाऊणऐवजी चार पंचमांश घेतले तर पंधराव्या तिथीला नेमके बारा येतात, आणि प्रतिपदेला बारा अठ्ठेचाळीस.

जुनी_फळी
आणि पाऊणच का, तर मला वाटतं पाऊणकीमुळे, म्हणजे पाऊणच्या पाढ्यामुळे. आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलेल्या. होडीवरच्या माणसाला पाऊणकी तोंडपाठ, अंधारातही उत्तर तयार. चार पंचमांशाचा पाढा कुणी केला नाही. अर्ध्या तासाच्या चुकीने होडी अडत नसेल, पाढा नसता तर मात्र हिशोबच अडला असता.

दांडी_बंदर
पुनवेला बापूस पाऊणपट करायचाच नाही, सरळ बारा म्हणायचा. ती उडी कुठे जायची ते आज कळलं.

गृहीतक
सुरंगी, तुझा प्रकल्प याच धाग्यात पडलेला आहे असं मला वाटतं.

सुरंगी
मला पण! पण हे किती खोल जातं? वेळ समजली, उंचीचं काय? उधाणाला पाणी आमच्या बांधापर्यंत येतं, भांगाला, म्हणजे लहान भरतीला, लांबच राहतं.

खाडीकाठ
तिथे खरं गणित आहे. भरतीची उंची म्हणजे ठरावीक आवर्तनांच्या लाटांची बेरीज. मुख्य चंद्राची, तिचं नाव एम-२, आवर्तन १२.४२ तास. दुसरी सूर्याची, एस-२, बरोबर १२ तास. दोघी एकमेकींच्या सुरात आल्या की उधाण, विरुद्ध गेल्या की भांग. १/१२ वजा १/१२.४२ करून उलट घे, सुमारे ३५५ तास येतात, म्हणजे पावणेपंधरा दिवस. दर पंधरवड्याला उधाण येतं ते यातून.

आवर्तनं आधीच माहीत असल्याने उरतात फक्त कोसाइन-साइनचे सहगुणक, आणि ते लघुतम वर्ग पद्धतीने निघतात. तिसऱ्या वर्षाच्या मॅट्रिक्समध्ये बसणारं काम. ऑक्टेव्ह या मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये ते समीकरण एका ओळीत सुटतं, पायथनमध्ये यूटाइड नावाची मुक्त लायब्ररी आहे. आधी स्वतः लिही, मग तिच्याशी ताडून बघ. गणिताचं उत्तर आणि समुद्राचं उत्तर जुळत नसेल तर समुद्राचं खरं, हा पडताळा कुठल्याच दुसऱ्या प्रकल्पात मिळणार नाही.

निरीक्षणं किमान पंधरा दिवसांची हवीत, नाहीतर एम-२ आणि एस-२ वेगळ्या काढता येत नाहीत. महिनाभराची मिळाली तर उत्तम.

आगरवाट
पण हा सॉफ्टवेअरमधला प्रकल्प कसा झाला? मघाशी कापरेकरांना हाच आक्षेप होता.

शून्यलब्धी
आक्षेप माझाच होता, म्हणून मीच उत्तर देतो. दोन कामं वेगळी ठेवायची. कॉलेजच्या प्रकल्पाला भरती: मोजमापं, कोड, स्पष्टीकरण, सगळं खुल्या परवान्याने, म्हणजे पुढची मुलं दुसऱ्या बंदरावर तेच चालवतील. आणि समांतर सिम्पायमध्ये लहान दुरुस्त्या. वापरताना जिथे स्वतः अडखळशील तीच दुरुस्ती हातात घे, यादीतून उचलू नकोस. समर ऑफ कोडचा विचार त्यानंतर. तिथे आता ९०, १७५ आणि ३५० तासांचे प्रकल्प असतात. तुझ्या मे महिन्याला ९० चा झेपेल.

आणि एक कळकळीचं. यंत्राकडून कोड लिहून घेऊन न वाचता पाठवू नकोस. पलीकडे तपासणारी माणसं बहुतेक स्वतःच्या वेळात बसलेली असतात. प्रत्येक ओळ का आहे ते तुला सांगता आलं पाहिजे.

खाडीकाठ
+१. धीर वाटावा म्हणून: सिम्पायचा पुढे मुख्य विकासक झालेला ॲरन म्यूरर २००९ मध्ये समर ऑफ कोडचा विद्यार्थी म्हणूनच आला होता. आणि पुढच्या वर्षी त्याने काम केलं ते रिशवर. तुझी रिश कुठे पळून जात नाही.

सुरंगी
पाच आठवड्यांनी परत आलेय, सांगायला खूप आहे.

सरांनी भरतीचा विषय लगेच मान्य केला. सिम्पायमध्ये एका फंक्शनच्या माहितीत उदाहरण अपुरं होतं, मला स्वतःलाच त्यावरून कळलं नव्हतं, ते लिहून पाठवलं. पहिल्यांदा टेस्ट लाल, म्हणजे नापास. कारण काय, तर नव्या माणसाने मेलमॅप फाइलमध्ये आपलं नाव घालायचं असतं. मग रिलीज नोट लिहायची राहिली होती, ती तिथल्या बॉटने दाखवून दिली. मग तिथला कोड सांभाळणाऱ्या एका मेंटेनरने विचारलं, हे उदाहरण ऋण संख्येलाही खरं आहे का? नव्हतं! √(क्ष²) वालीच चूक माझ्या हातून झाली होती. दुरुस्त केलं, परवा रात्री स्वीकारलं गेलं. चार ओळी आहेत फक्त. आईला दाखवल्या, तिने विचारलं, हे आता कुठे दिसेल? म्हटलं, जगात कुठेही.

जुनी_फळी
अर्धा गुण परत दिला. शाब्बास!

चिकूवाडी
अभिनंदन! सात पायऱ्यांची संख्या शोधलीस का?

सुरंगी
शोधली काका, पहिल्याच दिवशी. सांगत नाही, इतरांची मजा जाईल.

आता अडचण मोजमापांची. जेट्टीच्या खांबावर रंगाने फूटपट्टी आखली, पण लाटांमुळे पाणी सारखं वर-खाली होतं, नेमका आकडा घेता येत नाही. आणि रात्री दर तासाला तिथे जायला घरून परवानगी नाही.

दांडी_बंदर
पीव्हीसी पाईप घे, चार इंची. खालचं तोंड बंद कर आणि त्याला एक बारीक भोक पाड. खांबाला उभा बांध, ओहोटीलाही भोक पाण्यात राहील इतका खोल. भोक बारीक असलं की लाट आत शिरेपर्यंत ओसरते, आतलं पाणी भरतीबरोबर सावकाश चढतं-उतरतं. आत थर्माकोलचा तरंगा सोड. बंदरावाल्यांना आधी विचार, नाहीतर कुणीतरी पाईप काढून नेईल.

खाडीकाठ
आणि वरून तरंग्यापर्यंतचं अंतर मोजायला अल्ट्रासॉनिक सेन्सर, दर दहा मिनिटांनी कार्डावर नोंद. रात्री जायलाच नको. माझ्याकडे एक सेन्सर पडून आहे, दिवाळीला दापोलीला येतोय, तिकडून पाठवतो.

दांडी_बंदर
दर चार दिवसांनी भोक बघत जा. कालवं धरली की भोक बुजतं, आणि तुझा समुद्र कागदावर सपाट होतो.